परळीच्या राखेतला चौदावा गण

कार्बन आणि सिलिकॉन ही दोन मूलद्रव्ये आवर्तसारणीच्या चौदाव्या गणात एकाखाली एक बसतात. दोघांच्याही अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन असतात, म्हणून दोघांची संयुजा चार. ऑक्सिजनबरोबरच्या त्यांच्या प्रमुख संयुगांत एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू येतात, हेही सारखेच. परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात, गावाच्या भाषेत ‘थर्मल’मध्ये, ही दोन्ही संयुगे रोज शेजारी शेजारी दिसतात. १९७१ साली ३० मेगावॉटच्या पहिल्या संचाने सुरू झालेल्या या केंद्रात आता २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळशातला कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने चिमणीतून निघून जातो. खाणीतल्या माती-वाळूबरोबर कोळशात आलेला सिलिकॉन ऑक्सिजनला धरून राहतो आणि राखेत उरतो. भारतीय कोळशात राख बहुधा ३० ते ४५ टक्के भरते, आणि तिचा सर्वांत मोठा घटक सिलिका, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, हाच असतो.

एकाच गणातल्या दोन मूलद्रव्यांपैकी एकाचा वायू व्हावा आणि दुसऱ्याची राख, याचे कारण समजायला अणूचे प्रारूप आणि आवर्तसारणी ही दोन्ही लागतात. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आठवीला ‘अणूचे अंतरंग’ येते आणि दहावीला ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’. शिकवायला हा क्रम सोयीचा आहे. पण त्यातून एक गैरसमज घट्ट बसतो, तो असा की शास्त्रज्ञांनी आधी अणू उलगडला, इलेक्ट्रॉन मोजले आणि त्यावरून सारणी मांडली. घडले ते नेमके उलटे. सारणी १८६९ सालची, इलेक्ट्रॉन १८९७ सालचा. अणूच्या आत काही असते याचा पुरावा हाती नसताना सारणी तयार झाली, आणि पुढे आलेल्या प्रत्येक प्रारूपाला तिच्यासमोर परीक्षा द्यावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन डाल्टनने मांडलेला अणू अविभाज्य होता. त्याला आतली रचना नव्हती, वजन मात्र होते, आणि तेवढ्या एका गुणावर रसायनशास्त्रज्ञांनी साठ वर्षे काम केले. जर्मनीच्या डोबेरायनरला तीन-तीन मूलद्रव्यांचे गट दिसले. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम या त्रिकात सोडिअमचे अणुवस्तुमान २३, आणि उरलेल्या दोघांच्या अणुवस्तुमानांची, सुमारे ७ आणि ३९ यांची, सरासरीही २३. इंग्लंडच्या न्यूलँड्सने चढत्या अणुवस्तुमानाने मांडणी केली, तेव्हा दर आठव्या मूलद्रव्याशी गुणधर्म परत येताना दिसले. त्याने याला संगीतातल्या अष्टकाचे नाव दिले. कॅल्शिअमच्या पुढे मात्र हा नियम लागू पडेना, आणि का लागू पडत नाही हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते.

१८६९ ची सारणी मांडणाऱ्या दिमित्री मेंडेलीव्हपुढे ६३ मूलद्रव्ये होती. गुणधर्म जुळत नसतील तर अणुवस्तुमानाचा क्रम पाळण्यासाठी एखादे मूलद्रव्य चुकीच्या गणात बसवायचे नाही, तिथे जागा मोकळी सोडायची, हा त्याचा निर्णय. सारणीची सगळी ताकद या निर्णयात आहे. १८७१ मध्ये त्याने त्यातल्या तीन मोकळ्या जागांचे तपशीलवार वर्णन लिहिले. ॲल्युमिनिअमखालच्या जागेवर १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँला गॅलिअम सापडले. त्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवले की नमुना शुद्ध नसावा, घनता ५.९ च्या आसपास यायला हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती ५.९ आली. धातू हातात असलेल्या माणसाची चूक तो धातू कधीही न पाहिलेल्या माणसाने दाखवून दिली होती. १८७९ मध्ये स्कँडिअम सापडले आणि १८८६ मध्ये क्लेमेन्स विंकलरला सिलिकॉनखालच्या जागेचे मूलद्रव्य मिळाले. तेच जर्मेनिअम. मेंडेलीव्हने त्याचे अणुवस्तुमान ७२ आणि घनता ५.५ सांगितली होती. आजची मापे ७२.६ आणि ५.३ आहेत.

गॅलिअम आणि जर्मेनिअम ही दोन्ही मूलद्रव्ये दगडी कोळशात अत्यल्प प्रमाणात आढळतात. कोळसा जळाला की त्यांचे राखेतले प्रमाण वाढते. व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९३० च्या दशकात कोळशाच्या राखेतले जर्मेनिअम जगाच्या नजरेस आणले, आणि काही देशांत ते व्यापारी प्रमाणावर अशा राखेतूनच काढले जाते. कार्बन, त्याखाली सिलिकॉन, त्याखाली जर्मेनिअम : चौदाव्या गणातली ही तीन घरे कोळशाच्या भट्टीपाशी एकत्र येतात.

सारणीत खटकणाऱ्या जागाही होत्या. टेल्युरिअमचे अणुवस्तुमान १२७.६, आयोडिनचे १२६.९. वजनाच्या क्रमाने आयोडिन आधी यायला हवे. पण आयोडिनचे गुणधर्म क्लोरिन-ब्रोमिनचे, म्हणून मेंडेलीव्हने ते टेल्युरिअमनंतर ठेवले आणि टेल्युरिअमचे वजन मोजण्यात चूक असावी असे मानले. गण बरोबर होता, कारण चुकीचे होते. १८९४ मध्ये आर्गॉन सापडला तेव्हा अडचण वाढली. तो पोटॅशिअमपेक्षा जड, आणि कोणाशीही संयोग न पावणारा. त्याच्यासाठी, आणि मागोमाग आलेल्या हेलिअम, निऑन, क्रिप्टॉनसाठी, सारणीला एक नवाच गण जोडावा लागला.

अणूची प्रारूपे येऊ लागली ती या पार्श्वभूमीवर. १८९७ मध्ये केंब्रिजच्या जे. जे. थॉमसनने कॅथोड किरणांतला ऋणप्रभारित कण शोधला. धनप्रभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन कलिंगडातल्या बियांसारखे रुतलेले आहेत, असे त्याचे प्रारूप. पुस्तकात ते दोन ओळींत संपते. पण थॉमसनने १९०४ मध्ये इलेक्ट्रॉनांची वर्तुळाकार कडी कल्पून गुणधर्म पुन्हा पुन्हा का येतात, हे सांगण्याचा गंभीर प्रयत्न केला होता, हे शिकवले जायला हवे. अणूच्या बाहेरच्या भागात काहीतरी ठरावीक टप्प्यांनी परत येते, ही त्याची दिशा योग्य होती.

१९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण सरळ पार गेले, हजारोंतून एखादा मागे फिरला. १९११ मध्ये रुदरफोर्डने त्यावरून निष्कर्ष काढला की अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेले असते आणि बाकी अणू पोकळ असतो. मात्र विद्युतचुंबकीय नियमांप्रमाणे फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळायला हवे, आणि अणू तर टिकून आहेत. नील्स बोरने १९१३ मध्ये म्हटले की इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कक्षांतच राहतो, आणि कक्षा बदलतानाच ऊर्जा घेतो किंवा देतो. हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषांचे गणित याने जमले.

त्याच वर्षी हेन्री मोजली या तरुणाने मूलद्रव्यांपासून निघणारे क्ष-किरण मोजायला घेतले. त्या किरणांच्या वारंवारतेचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना समान टप्प्यांनी वाढत होते. सारणीतला अनुक्रमांक नुसती मांडणीची सोय नव्हता, तो केंद्रकावरचा धनप्रभार होता. टेल्युरिअमचा अणुअंक ५२, आयोडिनचा ५३. आर्गॉनचा १८, पोटॅशिअमचा १९. वजनांचा तिढा एका फटक्यात सुटला. मोजली पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये गॅलिपोलीला मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. अणुअंक सारखा असूनही वजन वेगळे का भरते, याचा उलगडा चॅडविकने १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधल्यावर पूर्ण झाला. बोरच्या विचारालाही सारणीचा कौल मिळाला. ७२ वे मूलद्रव्य झिर्कोनिअमच्या गणातले असले पाहिजे, हे त्याने इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून सांगितले, आणि १९२३ मध्ये कोपनहेगनला झिर्कोनिअमच्या खनिजातच हॅफ्निअम सापडले.

दहावीचा विद्यार्थी हमखास अडतो ती जागा इथे येते. कवचात जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन मावतात याचे सूत्र आहे : कवचाच्या क्रमांकाचा वर्ग, गुणिले दोन. त्याप्रमाणे पहिल्यात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. आवर्तांची लांबी मात्र २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे. तिसऱ्या कवचात अठरांची जागा असताना पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो? अनेक वर्गांत हे पाठ करून घेतले जाते, आणि तिथेच विषय परका होतो. कारण सांगण्यासारखे आहे. प्रत्येक कवचाचे आतून भाग असतात, त्यांना उपकवचे म्हणतात. तिसऱ्या कवचाच्या शेवटच्या, दहा जागांच्या उपकवचापेक्षा पोटॅशिअमच्या अणूत चौथ्या कवचाचे पहिले उपकवच कमी ऊर्जेचे असते. इलेक्ट्रॉन आधी तिथे जातो. कॅल्शिअमनंतर स्कँडिअमपासून जस्तापर्यंत त्या मागे राहिलेल्या दहा जागा भरतात, म्हणून चौथे आवर्त आठाऐवजी अठरांचे होते. न्यूलँड्सचे अष्टक कॅल्शिअमपुढे का मोडले, त्याचे उत्तरही हेच.

लोह याच दहांपैकी एक. अणुअंक २६, इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १४, २. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन तर ते देतेच, शिवाय आतल्या अपूर्ण कवचातला एकही देऊ शकते. म्हणून त्याची संयुजा दोन किंवा तीन. थर्मलच्या राखेत लोहाचे ऑक्साइड असते, मातीतही असते. भाजलेल्या विटेचा लाल रंग तीन संयुजेच्या लोहाच्या ऑक्साइडचा.

आता कार्बन आणि सिलिकॉन. गण एक असल्याने संयुजा एक. पण कार्बन दुसऱ्या आवर्तातला, त्याची कवचे दोन (२, ४), आणि सिलिकॉन तिसऱ्यातला, त्याची तीन (२, ८, ४). एक कवच वाढल्याने सिलिकॉनचा अणू कार्बनच्या सुमारे दीडपट आकाराचा होतो. लहान कार्बन ऑक्सिजनच्या इतका जवळ जातो की दोघांत दुहेरी बंध पक्का बसतो. दोन ऑक्सिजन दोन बाजूंना, प्रत्येकाशी दुहेरी बंध, आणि चार संयुजा तिथेच संपल्या. तयार झालेला रेणू स्वतंत्र आणि सुटा, शेजारच्या रेणूशी त्याचे आकर्षण क्षीण, म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू. सिलिकॉनला एवढे जवळ जाता येत नाही, त्याचा दुहेरी बंध दुबळा पडतो. तो चार ऑक्सिजन अणूंशी चार एकेरी बंध करतो, आणि त्यातला प्रत्येक ऑक्सिजन दुसऱ्या सिलिकॉनलाही धरतो. प्रमाण एकास दोन हेच राहते, पण सुटा रेणू उरत नाही, सलग जाळे तयार होते. ते वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. उभी रांग साम्य सांगते, आडवी रांग फरक. सारणी दोन्ही बाजूंनी वाचायची असते.

भट्टीत जे घडते ते सगळे बाहेरच्या कवचात. एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळाला तर सुमारे ३३ मेगाज्यूल उष्णता मिळते, आणि ती मिळवताना प्रत्येक अणूचे फक्त चार इलेक्ट्रॉन नवी मांडणी घेतात. कार्बनचे केंद्रक खाणीत जसे होते तसेच चिमणीबाहेर पडते.

या उष्णतेने ज्या पाण्याची वाफ करायची, त्या पाण्यालाही हाच हिशेब लागतो. परळीच्या केंद्राला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी येते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले होते. नदीच्या पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम विरघळलेले असतात. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम दुसऱ्या गणातले. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन देऊन ते दोन धनप्रभारांचे आयन होतात, आणि असे पाणी तापले की बॉयलरच्या नळ्यांत क्षार धरतात. म्हणून बॉयलरचे पाणी आधी आयन अदलाबदल करणाऱ्या राळेच्या मण्यांतून सोडतात. कॅल्शिअमचा एक आयन मण्यात अडकला की हायड्रोजनचे दोन आयन पाण्यात सुटतात, सोडिअमच्या एकाला एकच. गणाचा क्रमांक इथे थेट हिशेबात उतरतो. सिलिका इथेही त्रास देते. तिचे आयन सहजी होत नसल्याने ती मण्यांना चुकवू पाहते, आणि राहिलीच तर उच्च दाबाच्या वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते.

परळीतल्या २५० मेगावॉटच्या संचांएवढ्या क्षमतेची जनित्रे थंड ठेवायला साधारणपणे हायड्रोजन वायू वापरतात. तो हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्शाइतका हलका असल्याने फिरत्या भागाला विरोध कमी होतो, आणि उष्णता हवेच्या सुमारे सातपट वाहून नेतो. हवेत मिसळला तर स्फोटाचा धोका, म्हणून आधी कार्बन डायऑक्साइड सोडून जनित्रातली हवा काढून टाकतात. सारणीत मात्र हायड्रोजनला पक्की जागा नाही. एक इलेक्ट्रॉन देतो म्हणून त्याला पहिल्या गणात सोडिअमच्या वर बसवतात. एक इलेक्ट्रॉन घेऊन कवच पूर्ण करतो, रेणूत दोन अणू असतात, म्हणून क्लोरिनच्या सतराव्या गणावरही त्याचा हक्क पोहोचतो. हा प्रश्न मेंडेलीव्हच्या काळापासून चालत आला आहे.

आज सारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत. निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसीन आणि ओगॅनेसॉन या चार नावांना २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि सातवे आवर्त भरले. ११९ वे मूलद्रव्य तयार झाले तर ते आठवे आवर्त उघडेल आणि पोटॅशिअम, सीझिअमच्या गणात बसेल. ओगॅनेसॉन राजवायूंच्या अठराव्या गणात, रेडॉनच्या खाली आहे. केंद्रकाच्या प्रचंड प्रभारामुळे त्याचे इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की नेहमीचा हिशेब पुरत नाही, आणि गणित सांगते की तो सामान्य तापमानाला वायू नसून स्थायू असावा. आजवर त्याचे मोजकेच अणू तयार झाले आहेत, आणि प्रत्येक अणू मिलिसेकंदाच्या आसपास फुटून जातो.