पॉलिशच्या दारावर थेट रंग मारला की तो सहा महिन्यांत का निघतो?

रील तीस सेकंदांची असते. तपकिरी, जुनाट पॉलिशचं दार दिसतं. ब्रश दोनदा फिरतो, गाणं बदलतं आणि दार पांढरंशुभ्र होतं. खाली ‘शेड कोणती?’ विचारणाऱ्या कमेंट्सची रांग लागते. तेच दार सहा महिन्यांनी कसं दिसतं, याची रील मात्र सहसा कोणी टाकत नाही.

सहा महिन्यांनी कडीच्या आजूबाजूला, जिथे रोज हात लागतो तिथे, रंगाचे पापुद्रे सुटायला लागतात. नखाने ओढलं की सालीसारखी पट्टी निघते आणि खाली जुनं पॉलिश जसंच्या तसं चकाकत असतं. मग घरात चर्चा सुरू होते. रंगाऱ्याने पाणी घातलं, रंग हलका वापरला, कंपनी चुकली. बहुतेक वेळा रंगाची काही चूक नसते. तो ज्यावर बसवला, ती जागाच त्याला धरून ठेवत नव्हती.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराघरांत हे काम निघतं. त्यामुळे ब्रश हातात घेण्यापूर्वी किंवा रंगाऱ्याला ‘उद्यापासून या’ म्हणण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

रंग चिकटतो म्हणजे नक्की काय होतं?

कोऱ्या लाकडाला बारीक छिद्रं असतात. प्रायमर त्यात थोडा शिरतो, वाळतो आणि अडकून बसतो. व्हार्निश किंवा पॉलिशचं कामच मुळी ही छिद्रं बंद करण्याचं आहे. पाणी, तेल, चहाचे डाग आत जाऊ नयेत म्हणून तो थर दिलेला असतो. साहजिकच तो रंगालाही आत येऊ देत नाही. गुळगुळीत काचेवर रंग मारल्यासारखी अवस्था होते. रंग वरवर वाळतो, छान दिसतो, पण त्याने खाली काहीच पकडलेलं नसतं.

त्यात भर म्हणजे वर्षानुवर्षांचा हाताचा तेलकटपणा, स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ आणि फर्निचर चमकवायचे स्प्रे. या स्प्रेंमध्ये अनेकदा सिलिकोन असतं. ते राहिलं असेल तर ओला रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. वर आणखी एक हात मारून ते बुजत नाहीत.

आधी ओळखा, वर काय आहे ते

आपण सगळ्यालाच ‘पॉलिश’ म्हणतो, पण त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात. जुन्या सागवानी दारांवर, कपाटांवर, आजीच्या आरामखुर्चीवर बहुधा फ्रेंच पॉलिश असतं. नाव फ्रेंच असलं तरी त्यातला मुख्य माल आपल्याकडचा आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणारा लाखेचा किडा जी राळ सोडतो तीच लाख, आणि ती शुद्ध करून पातळ पापुद्र्यांत काढली की चपडी. ही चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लाकडावर चोळतात. झारखंड आणि छत्तीसगड ही लाखेची मोठी राज्यं. महाभारतातल्या लाक्षागृहाची लाख ती हीच. ती झटकन पेटते हे लक्षात असू द्या, त्याचा संदर्भ पुढे येईल.

त्यानंतरच्या काळातल्या फर्निचरवर एनसी लॅकर, मेलामाइन किंवा पीयू असतं. कधी साधं तेलाचं व्हार्निश असतं. आणि कित्येकदा आपण ज्याला पॉलिश समजतो ते सनमायका निघतं, म्हणजे लाकूडच नसतं. त्याचा मामला वेगळा.

ओळखायला सोपी चाचणी आहे. दाराच्या मागच्या किंवा वरच्या कडेला, जिथे नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला, कापसाला तपकिरी रंग आला, तर ते चपडीचं फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर शेजारच्या जागी एनसी थिनर लावून बघा. विरघळायला लागलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू. क्रम उलटा करू नका, कारण थिनर चपडीलाही मऊ करतो आणि मग दोन्हींतला फरक कळत नाही. वर मेण आहे का हे बघायचं तर पांढऱ्या फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसा. फडक्यावर पिवळट, बुळबुळीत थर आला तर मेण आहे, आणि ते पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मेलामाइन आणि पीयू सगळ्यांत हट्टी. त्यांच्यात दोन घटक मिसळून रासायनिक जाळं तयार झालेलं असतं, ते पुन्हा सहजी विरघळत नाही. तिथे घासण्यात कसूर केली तर रंग नक्की सुटणार.

घासायचं किती?

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक तर लोक अजिबात घासत नाहीत, नाहीतर कोरं लाकूड दिसेपर्यंत घासत सुटतात. रंग लावायचा असेल तर जुना थर घट्ट असताना तो पूर्ण काढायची गरज नसते. फक्त त्याची चकाकी मारायची असते. १८० नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने, सगळीकडे सारखा निस्तेजपणा येईपर्यंत घासलं की पुरे. त्या बारीक ओरखड्यांतच प्रायमर पकड घेतो.

पण घासण्याआधी धुणं हवं. आधी घासलं तर तेलकटपणा त्याच ओरखड्यांत दाबला जातो. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसायचं, स्वयंपाकघरातल्या कपाटांना हातमोजे घालून धुण्याच्या सोड्याचं पातळ पाणी लावायचं, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून पूर्ण वाळू द्यायचं.

फ्लॅटमधली बरीच दारं अखंड लाकडाची नसतात. प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवलेला असतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असू शकते. अशा दारावर मशीन धरली की कडांपाशी सागवान संपतो आणि खालचा प्लाय दिसायला लागतो. तिथे हातानेच घासलेलं बरं.

जुनं पॉलिश भेगाळलं असेल, फुगलं असेल, आपोआप सुटत असेल तर मात्र ते काढावंच लागतं. चपडी स्पिरिटने निघते. बाकीच्यांसाठी दुकानात रंग काढायचं रसायन मिळतं. डबा घेताना त्यावर मिथिलीन क्लोराईड लिहिलंय का ते वाचा. बंद जागेत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत आणि अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी अशा रंग काढण्याच्या रसायनांच्या विक्रीवर बंदी घातली. बाथरूमचं दार लावून आत हे काम करणं म्हणजे जिवाशी खेळ.

धुळीत शिसे असू शकतं

हा भाग रीलमध्ये कधीच नसतो, आणि लहान मूल असलेल्या घरासाठी तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

जुन्या घरांत एकाच चौकटीवर थरांवर थर असतात. आधी तेलरंग, मग कोणीतरी तो अर्धवट खरवडून पॉलिश केलेलं, मग पुन्हा रंग. जुन्या तेलरंगांत रंगद्रव्य म्हणून आणि रंग लवकर वाळावा म्हणून शिशाची संयुगं वापरली जात. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाला कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त शिसे असलेले असे रंग बनवायला मनाई झाली. त्याआधीच्या दारा-खिडक्यांवर काय आहे हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

असा थर कोरडा घासला की बारीक धूळ उडते, फरशीवर बसते, आणि रांगणारं बाळ तोच हात तोंडात घालतं. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि त्याची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भवतींसाठीही ते धोक्याचं आहे.

त्यामुळे जुन्या रंगाची शंका असेल तर वॉटर पेपर घ्या आणि ओलं ठेवून घासा. खाली प्लास्टिक अंथरा. कापडी मास्कने ही धूळ थांबत नाही, एन-९५ लागतो. झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं फेकून द्या. मुलं आणि गर्भवती त्या दोन दिवसांपुरत्या दुसऱ्या घरी गेल्या तर उत्तम. हीटगनने जुना रंग जाळून काढणं तर टाळाच, कारण त्यातून शिशाच्या वाफा निघू शकतात.

आणि ते लाक्षागृह. स्पिरिट आणि थिनर दोन्हींच्या वाफा पटकन पेट घेतात. देवघराच्या दारांना स्पिरिट लावताना शेजारी समई तेवत असते, हे चित्र आपल्याकडे अजिबात अशक्य नाही. गॅसही बंदच ठेवा. काम संपेपर्यंत देवाला विजेचा दिवा चालेल.

प्रायमर, आणि पांढऱ्यावर उमटणारे पिवळे डाग

दुकानात ‘वूड प्रायमर’ मागितलं की मिळतो तो बहुतेक कोऱ्या लाकडासाठीचा असतो. घासलेल्या पॉलिशवर तो चालून जातो, पण पीयू किंवा मेलामाइनवर चकचकीत पृष्ठभागांना धरणारा प्रायमर वेगळा मागावा लागतो. खड्डे-भेगांत लांबी भरायची ती पहिल्या प्रायमरनंतर. मग पेपर मारून पुन्हा प्रायमरचा हलका हात.

दुसरा त्रास रंगाचा आहे. लाकडातली द्रव्यं आणि जुन्या पॉलिशमध्ये घातलेले रंग पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या पेंटमधून वर येतात. दोन हात मारले, तीन मारले, तरी पिवळट-तांबूस छटा येतच राहते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे चपडीवर आधारलेला, मेण काढलेला प्रायमर. तो या डागांना खालीच अडवतो. ज्या लाखेच्या थराला आपण झाकायला निघालो, तीच लाख मदतीला येते.

रंगात ऑइलपेंट घ्यायचा की पाण्यावर आधारलेलं इनॅमल? पांढऱ्यासाठी दुसरं बरं. तेलाचा पांढरा रंग कालांतराने पिवळा पडतो, आणि अंधाऱ्या पॅसेजमध्ये जास्त लवकर.

सगळ्या दाराला लावण्याआधी मागच्या बाजूला वीतभर पट्टा रंगवा. आठवडाभराने ब्लेडने त्यावर फुलीच्या जाळीसारख्या बारीक रेषा मारा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन आले तर पुन्हा घासायला लागा. रंगाऱ्याकडून काम करून घेत असाल तर हे आधीच सांगा. त्याला थोडा राग येईल, येऊ द्या.

रंगवायचंच का, हाही प्रश्न आहे

सागाच्या उघड्या रेषांत एकदा पांढरा रंग शिरला की तो पूर्ण निघत नाही. पुढे कोणाला पुन्हा पॉलिश हवं झालं तर प्रत्येक रेषेत पांढरा कण दिसत राहतो. म्हणून अखंड सागवानी जुनं दार असेल आणि तक्रार फक्त ‘मळकट दिसतंय’ एवढीच असेल, तर रंगाऱ्याऐवजी आधी पॉलिशवाल्याला बोलवावं. चपडीचं पॉलिश स्पिरिटने पुन्हा जिवंत होतं, त्यावर नवा हात चढतो. गरम कपाने टेबलावर उठलेलं पांढरं वर्तुळही अनेकदा स्पिरिटच्या जवळजवळ कोरड्या बोळ्याने जातं. फ्लश डोअर, पार्टिकल बोर्डचं कपाट, डागाळलेलं व्हिनियर यांना मात्र खुशाल रंग द्या.

पावसाळ्यात हे काम काढू नये. लाकूड ओलाव्याने फुगलेलं असतं, दारं तशीच अडकत असतात, त्यात कडांवर रंगाचे चार थर चढले की दार बसतच नाही. दाराची वरची आणि खालची कड रंगारी हमखास सोडून देतात, कारण ती दिसत नाही. ओलावा तिथूनच आत शिरतो, तेव्हा दार बिजागरीतून काढून त्या कडांनाही प्रायमर द्यायला लावा. आणि हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही, त्याला पुढे दोन-तीन आठवडे लागतात. तोवर दार रात्रभर घट्ट लावून ठेवलं तर ते चौकटीला चिकटतं आणि सकाळी उघडताना दोन्हीकडचा रंग घेऊन येतं. तेवढे दिवस कडेला कागदाची घडी अडकवून ठेवा.