तीन धारांची हिरवळ

बांधावरच्या लव्हाळ्याची फुलदांडी तोडा आणि अंगठा-तर्जनीत धरून फिरवा. गवताची काडी गरगर फिरते, ही मात्र अडखळते, कारण तिला तीन कडा आहेत. ब्लेडने आडवी कापलीत तर त्रिकोणच दिसेल. आत पोकळी नाही आणि बोटांना पेरंही लागत नाहीत. गवताची पानं दोन ओळींत निघतात, हिची तीन ओळींत. दिसायला गवत, पण हे गवत नव्हेच. गहू, भात, ऊस आणि बांबू एका कुळातले. लव्हाळा सायपरेसी कुळातला. या कुळात जगभर सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. इजिप्तचा पपायरस यातला, चिनी जेवणातला कुरकुरीत वॉटर चेस्टनट यातला (आपला शिंगाडा निराळा), आणि दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही याच घरातला. इंग्रजीत या मंडळींना सेज म्हणतात.

लव्हाळ्याचं नाव काढलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. खुरपावं तेवढा तो जमिनीखालच्या गाठींतून पुन्हा उगवतो. अमेरिकेच्या पूर्व भागात मात्र लोक याच कुळातली रोपं पैसे मोजून आणतात आणि दारातलं लॉन उपटून तिथे लावतात.

त्या लॉनचा पसारा आधी पाहू. क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या माहितीवरून 2005 मध्ये अंदाज मांडला की अमेरिकेत लॉनखाली सुमारे 1 लाख 64 हजार चौरस किलोमीटर जमीन असावी. म्हणजे निम्म्याहून अधिक महाराष्ट्र! ते सगळं पाण्यावर पोसायचं, वाढलं की कापायचं, कापलं की पुन्हा खत घालायचं. त्यातलं सर्वांत लाडकं केंटकी ब्लूग्रास नावाने अमेरिकी असलं तरी युरोप-आशियाकडून वसाहतवाल्यांबरोबर आलेलं. त्याला ऊन हवं. मोठ्या ओकखाली ते विरळ होत जातं आणि शेवटी नुसती माती उरते.

त्याच ओकखाली पेन्सिल्व्हेनिया सेज, म्हणजे केरेक्स पेन्सिल्व्हानिका, मूळचीच राहते. जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीची मऊ पाती, वीतभर उंच वाढून एका बाजूला झुकलेली. हिवाळा सरता सरता, ओकला पालवी फुटण्याआधी, जमिनीवर भरपूर ऊन पडतं. तेवढ्या मुदतीत ती वाढून घेते. पुढे सावली दाटली तरी तिचं अडत नाही. जमिनीखाली आडवी खोडं सरकत राहतात आणि दोन-तीन वर्षांत झुबक्याला झुबका मिळतो. एप्रिलच्या सुमारास वाकून पाहिलं तर फुलंही सापडतात. दांडीच्या टोकाला नर कणीस, त्यातून फिकट पिवळे परागकोश लोंबत असतात. त्याच्याखाली मादी फुलं, पांढरे कुक्षितंतू बाहेर काढून बसलेली. पाकळ्या नाहीत, वास नाही. परागांची ने-आण वारा करतो.

त्या परागकणाची गोष्ट मला या सगळ्या कुळातली सर्वांत विलक्षण वाटते. बहुतेक फुलझाडांत एका मातृपेशीचं विभाजन होऊन चार परागकण तयार होतात. सेजमध्येही चार केंद्रकं बनतात, पण त्यातली तीन झिजून नाहीशी होतात आणि चौघांच्या जागेतून एकच परागकण बाहेर पडतो. गुणसूत्रांचंही तसंच वेगळेपण आहे. पेशी विभागताना तिच्यातले धागे आपल्या गुणसूत्राला एका ठरावीक बिंदूवर पकडतात. गुणसूत्र तुटलं तर तो बिंदू नसलेला तुकडा वाया जातो. सेजच्या गुणसूत्राला धागे जवळजवळ संपूर्ण लांबीभर धरू शकतात, त्यामुळे तुटलेला तुकडाही पुढच्या पिढीत निभावून जाऊ शकतो. म्हणूनच केरेक्स या एकाच प्रजातीत गुणसूत्रांची संख्या जातीजातीत कमालीची बदलते. तिच्या सुमारे दोन हजार जाती होण्यामागे हेही एक कारण असावं, असं अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

मुळांचीही तऱ्हा न्यारी. बहुतेक झाडं जमिनीतला स्फुरद मिळवायला बुरशीची मदत घेतात. सेज कुळातल्या पुष्कळ जातींचं बुरशीशी फारसं सख्य नाही. त्यातल्या काही जाती स्फुरद कमी पडला की गाजराच्या आकाराची आखूड मुळं काढतात. त्यांवर केसांची दाट लव असते, आणि त्यांतून पाझरणारी आम्लं मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात.

दोन हजारांतून बागेसाठी निवडायची कोणती? डेलावेअर राज्यातल्या माउंट क्युबा सेंटर या वनस्पती उद्यानाने 70 प्रकारच्या केरेक्स चार वर्षं शेजारी शेजारी वाढवून पाहिल्या, उन्हात आणि सावलीतही. काहींवर कापणीचं यंत्रही फिरवलं. पहिला नंबर पेन्सिल्व्हेनिया सेजचा आला नाही. तो केरेक्स वुडीआय या फारशी चर्चा नसलेल्या जातीने पटकावला. नर्सरीतलं लोकप्रिय नाव आणि जमिनीवरचा निकाल यांत केवढं अंतर असतं!

मात्र सेज म्हणजे फुकटची हिरवळ नव्हे. तिच्यावर रोज क्रिकेट खेळता येणार नाही. अधूनमधून चालणं ती सोसते, धावपळ नाही. पेन्सिल्व्हेनिया सेज बियांपासून वाढवणं अवघड, म्हणून रोपं विकत घ्यावी लागतात आणि ती लॉनच्या बियाण्यापेक्षा महाग पडतात. पहिली दोन वर्षं तण हाताने काढावं लागतं. चटई एकदा जमली की फारसं काही शिरू देत नाही, अगदी झाडांची रोपंसुद्धा. हरणं फार झालेल्या तिकडच्या काही जंगलांत हीच मोठी अडचण आहे: हरणं कोवळी रोपं खातात, मोकळ्या जागेत सेज पसरते आणि नव्या झाडांना मूळ धरणं कठीण होतं. बागेत तोच हट्टीपणा कामाला येतो. वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या शेवटी कापलं तरी पुरे. तेही न केलं तरी बिघडत नाही.

पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे रोप मागवायच्या फंदात पडू नये. ते थंडीच्या मुलखातलं आहे. पण न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियात घर असलेल्या, अंगणात जुना ओक असलेल्या मराठी माणसाने एक कोपरा जरूर लावून पाहावा. नर्सरीत नुसतं सेज मागू नका, तिथे जपानी जातीही त्याच नावाने विकतात. केरेक्स पेन्सिल्व्हानिका किंवा केरेक्स वुडीआय असं पूर्ण नाव सांगा, रोपं वीत-सव्वा वीत अंतरावर लावा आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला विसरू नका.