भिंतीपलीकडील भाऊबंद

वाटणी होऊन अंगणांत भिंत उभी राहिली म्हणजे तिच्या दोहों बाजूंस अबोला धरून बसणें फारसें अवघड नसतें. अवघड असतें तें अबोला सोडणें. जो प्रथम बोलावयास जातो त्यास शेजाऱ्याच्या तिरस्काराहूनहि घरच्यांचे टोमणे अधिक ऐकावे लागतात. एकत्र कुटुंबांतील हा अनुभव राष्ट्रांच्या व्यवहारांतहि किती खरा ठरतो, हें पाहावयाचें असल्यास पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे मुख्य प्रधान, विली ब्रांट यांची हकीकत वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ सालीं जर्मनीचीं दोन राज्यें झालीं. पश्चिमेकडील सरकार पूर्वेकडील राज्यास राज्यच मानीत नसे. जें राष्ट्र त्यास मान्यता देईल त्याच्याशीं संबंध तोडण्याचा दंडकहि त्यानें १९५५ पासून घालून घेतला होता. या बाणेदारपणानें पूर्वेकडील राज्य नाहींसें झालें नाहीं. उलट १९६१ च्या ऑगस्टांत बर्लिन शहरांत भिंत उभी राहिली, आणि आई एकीकडे व लेक दुसरीकडे अशी कित्येक घरांची स्थिति झाली.

ब्रांट हे त्या वेळीं पश्चिम बर्लिनचे महापौर होते. मोठ्या तत्त्वाचा निकाल लागेपर्यंत लोकांनीं आप्तांचें तोंडहि पाहूं नये काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें रोजचा होता. १९६३ च्या डिसेंबरांत पूर्वेकडील अधिकाऱ्यांशीं परवान्यांचा करार झाला, आणि नाताळच्या दिवसांत पश्चिम बर्लिनच्या लोकांनीं भिंतीपलीकडे सुमारें १२ लक्ष खेपा केल्या. पुढील सर्व धोरणाचें बीज आम्हांस या लहानशा करारांत दिसतें.

१९६९ मध्यें ब्रांट चॅन्सेलर झाले. १९७० च्या ऑगस्टांत मॉस्को येथें व डिसेंबरांत वॉर्सा येथें करार झाले. वॉर्सा येथें ज्यूंच्या स्मारकापुढें त्यांनीं गुडघे टेकले. तेव्हां घरांत वादळ उठलें. ओडर व नायसे या नद्यांपलीकडील मुलूख युद्धानंतर पोलंडकडे गेला होता, व तेथून हांकलले गेलेले लक्षावधि जर्मन पश्चिमेंत राहात होते. वाडवडिलांची भूमि फुकट देऊन टाकली, असा आक्रोश त्यांनीं केला. त्यांचें दुःख ढोंगाचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याचें घर गेलें त्यासच त्याची किंमत. सीमा ओलांडूं पाहणाऱ्या स्वतःच्याच प्रजेवर गोळ्या झाडणाऱ्या सरकारास प्रतिष्ठा कां द्यावी, हा विरोधी पक्षाचा आक्षेपहि पोकळ नव्हता.

सरकारपक्षाचे कांहीं सभासद फुटले. २७ एप्रिल १९७२ रोजीं अविश्वासाचा ठराव मतास आला. विरोधी पुढारी राइनर बार्त्सेल यांस २४९ मतें हवीं होतीं; मिळालीं २४७. पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्यानें एका विरोधी सभासदास पैसे चारले होते, हें पुढें उघड झालें. तेव्हां त्या विजयास डाग होताच. परंतु त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत मतदारांनीं ब्रांट यांच्या बाजूनें उघड कौल दिला, आणि डिसेंबरांत दोन्ही जर्मन राज्यांत मूलभूत करार झाला. बव्हेरियाच्या सरकारनें त्यास न्यायालयांत आव्हान दिलें. १९७३ मध्यें न्यायालयानें करार वैध ठरविला, पण ऐक्याचें ध्येय सोडतां येणार नाहीं असेंहि बजाविलें. टीकाकारांच्या हट्टाचा हा लाभच म्हटला पाहिजे.

१९७४ सालीं ब्रांट यांच्या कार्यालयांतीलच एक मदतनीस पूर्वेचा हेर निघाला व त्यांस अधिकार सोडावा लागला. टीकाकारांस याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? तथापि १९८२ मध्यें तेच विरोधक हेल्मुट कोल यांच्या नेतृत्वाखालीं सत्तेवर आले, तेव्हां त्यांनीं एकहि करार फाडला नाहीं. १९८७ सालीं कोल यांनींच पूर्व जर्मनीच्या प्रमुखाचें स्वागत केलें; आणि १९९० मध्यें ऐक्य झाल्यावर पोलंडची तीच सीमा कोल यांच्या सरकारनें करारानें कायम केली.

भिंत पडली ती केवळ ब्रांट यांच्यामुळें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पूर्वेकडील जनतेचें धैर्य व रशियाची बदललेली नीति यांचा वांटा मोठा आहे. पण मधल्या वर्षांत जी आई लेकीस भेटूं शकली, तिला हा हिशेब करण्याची गरज पडली नसावी. शेजाऱ्याशीं बोलणाऱ्यास भोळा म्हणण्यापूर्वीं, न बोलल्यानें काय साधलें, एवढें तरी आपण एकदां विचारावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.