'डिअर' : शब्द एक, वजनं वेगळी

आज आपण एकच छोटं विशेषण घेऊ : इंग्रजीतलं 'डिअर'. चिनी भाषकाला ते का अडवतं, हे पाहिलं की शब्दाचा अर्थ राहतो कुठे, या जुन्या प्रश्नालाही हात घालता येतो.

चिनी विद्यार्थी कोश उघडतो. तिथे 'डिअर'पुढे 'छिन-आय-द' असं दिलेलं असतं. 'छिन' म्हणजे जवळचा, नात्याचा. 'आय' म्हणजे प्रेम. आता त्याला पत्र येतं : 'डिअर मिस्टर वांग, आपला अर्ज नामंजूर झाला आहे.' नाकारायचं, आणि वर प्रिय म्हणायचं? औपचारिक पत्रात तो स्वतः 'त्सुन-चिंग-द', म्हणजे 'आदरणीय' असं लिहितो. आपल्याकडेही तीर्थरूप, चिरंजीव, माननीय असे मायने माणूस पाहूनच बदलतात. इंग्रजीत मात्र आईलाही 'डिअर' आणि बँकेलाही 'डिअर'. तिथे प्रेम नसतं, नुसती रीत असते. पण ती मोडली तर पत्र तुटक वाटू शकतं.

मग प्रेम सापडतं कुठे? शब्दाच्या जागेत. 'शी इज डिअर टू मी' असं म्हटलं, की ते मनातलं. अनोळखी बाईला 'माय डिअर' म्हटलं, तर ती सलगी होते. 'ओ डिअर!' ही तर फक्त हळहळ.

आणखी एक अर्थ उरतो : महाग. ब्रिटनमध्ये भाजीही 'डिअर' असू शकते. जुन्या इंग्रजीपासून मोल आणि माया या शब्दात एकत्रच आहेत. त्याचा जर्मन भाऊबंद 'टॉयर' आजही महाग याच अर्थाने चालतो. हे चिनी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. त्याच्या 'क्वेइ' शब्दाचा अर्थ महाग. आणि कुणाचं आडनाव अदबीने विचारताना तो 'नीन क्वेइ शिंग?' म्हणतो, म्हणजे 'आपलं मोलाचं आडनाव?' इंग्रजीत मोलाच्या शेजारी माया आली, चिनीत मान आला. आपणही 'लाखमोलाचा माणूस' म्हणतोच की!

विटगेन्श्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये हाच विचार आहे : पुष्कळदा शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा वापर. तेव्हा 'डिअर' दिसला की 'याचा अर्थ काय?' एवढंच विचारून भागत नाही. कोण, कुणाला, कुठे म्हणतंय, हे आधी पाहायचं. नाहीतर रीतीला आपण प्रेम समजू, आणि कधी खरं प्रेम रीत समजून सोडून देऊ. यातली दुसरी चूक जास्त महागात पडते.