मनी प्लांट: चोरीचा, खरेदीचा आणि ग्रिलमधला

कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरात इमारतींकडे मान वर करून पाहिले, की ग्रिलमधून लोंबणारा मनी प्लांट हमखास दिसतो. तो घरात आला कसा, यावरही एक शास्त्र आहे: विकत घ्यायचा नाही, मागायचा नाही, शेजारच्या कुंडीतून गुपचूप खुडायचा, तरच पैसा टिकतो.

वनस्पतीला मात्र चोरी आणि खरेदी यांतला फरक कळण्याची सोय नाही. पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरची ही वेल फुलतच नाही म्हटले तरी चालेल. फुलोरा आणणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारे तिचे एक जनुक नीट काम करत नाही, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर फुले आली. फूल नाही म्हणून बी नाही. त्यामुळे जगभरच्या कुंड्यांत ती छाटाचा छाट, त्याचाही छाट अशीच पसरली आहे. नर्सरीतली असो वा चोरलेली, लागते ती कांडीवरच.

खुडताना मात्र चूक होते. घाईत हाती येते नुसते पान. ते पाण्यात महिनोन्‌महिने हिरवे राहते, देठाला मुळेही फुटतात आणि घरात आनंद होतो. पण नवा कोंब काही येत नाही. कोंब येतो पेरातून, म्हणजे खोडावर पान जिथे जोडलेले असते त्या गाठीतून. उसाचे टिपरे डोळा पाहून लावतात, तसेच हे. पेराच्या थोडे खाली छाटायचे, निदान एक पेर पाण्यात किंवा मातीत बुडवायचे. पेराशी तपकिरी बोंडासारखे हवाई मूळ असेल तर उत्तमच.

‘आमच्याकडे पाने बारीकच राहतात, खत कोणते घालू?’ हा प्रश्न खताचा नाहीच. ही वेल मुळात झाडावर चढणारी. आधार धरून वर गेली की पाने मोठी होत जातात. मुंबईत एखाद्या नारळावर किंवा पर्जन्यवृक्षावर चढलेला मनी प्लांट परातीएवढ्या, चिरफाळलेल्या पानांमुळे ओळखूही येत नाही. लोंबत ठेवली की पाने लहान होत जातात. कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवून पेरे तिला टेकवून बांधली आणि काथ्या ओलसर ठेवला, की फरक दिसतो. झाडावर चढते म्हणून तिला बांडगूळ समजून उपटणारेही आहेत. आंब्यावरचे बांडगूळ झाडाच्या आत शिरून पाणी पळवते. मनी प्लांटची मुळे सालीला फक्त धरून राहतात.

बुडाशी उघडी पडलेली, टोकालाच चार पाने उरलेली वेल टाकून देण्याचेही कारण नाही. सांगली-मिरजेकडच्या पानमळ्यांत नागवेलीची उतरण करतात: उंच गेलेली वेल खाली घेऊन तिचा उघडा भाग मातीत दाबतात, तिथे मुळे फुटून वेल पुन्हा जोमाने चढते. हीच युक्ती कुंडीतही चालते.

रोज पाणी घालणे ही माया नव्हे. वरची दोन बोटे माती सुकली की मगच पाणी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती लवकर सुकतच नाही, आणि मुळे कुजून पाने पिवळी पडली की लोक आणखी पाणी ओततात!

खरी काळजी करावी ती वेल पाण्यात ठेवलेल्या बाटलीची. मुंबईत पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधायला घरी येणारे पालिकेचे कर्मचारी मनी प्लांटची बाटली आणि कुंडीखालची ताटली आवर्जून पाहतात. ‘डास गटारात होतात, आमचे पाणी स्वच्छ आहे’ या समजाला इथे तडा जातो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला साठलेले स्वच्छ पाणीच आवडते आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी नुसते बदलूनही भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी असताना कित्येक महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा बाटली आतून घासायची. मुळे बोटभर झाली की वेल मातीत लावून बाटलीची कटकट संपवलेली त्याहून बरी.

राहिला मनी प्लांट घरातली हवा शुद्ध करतो हा दावा. त्यामागचे, 1989 मध्ये नासाने केलेले प्रयोग बंदिस्त पेटीतले होते. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला: इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे, तर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या जुन्या 225 चौरस फुटांच्या घरात म्हणजे किमान दोनशे कुंड्या. खिडकी उघडणे सोपे! आणि रांगते मूल किंवा मांजर असेल तर वेल उंचावरच हवी. तिच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते.