प्रल्हादाची निष्काम भक्ती

भागवत पुराणाच्या 7 व्या स्कंधातील प्रल्हादकथा बहुतेकांना खांब फोडून प्रकटलेल्या नृसिंहापुरतीच आठवते. शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क यांनी त्याला राजनीती शिकवली, तरी पिता दैत्यराज हिरण्यकशिपू याने ‘काय शिकलास’ असे विचारताच प्रल्हादाने श्रवण, कीर्तन, स्मरण यांपासून आत्मनिवेदनापर्यंतची, म्हणजे स्वतःला देवाच्या स्वाधीन करण्यापर्यंतची, नवविधा भक्ती सांगितली. विष, सर्प, अग्नी आणि कड्यावरून लोटणे या छळांनीही त्याची निष्ठा ढळली नाही. मात्र तिची खरी कसोटी, बहुधा दुर्लक्षित राहणारी, हिरण्यकशिपूच्या वधानंतर येते: नृसिंह वर मागण्यास सांगतो, तेव्हा देवाकडून फळाची अपेक्षा धरणारा सेवक नसून व्यापारी होय, असे प्रल्हाद म्हणतो आणि हृदयात कोणतीही कामना अंकुरू नये, एवढेच मागतो. यालाच निष्काम, म्हणजे फलाची इच्छा नसलेली, भक्ती म्हणतात. पुढे तो छळ करणाऱ्या पित्याच्या शुद्धीसाठी प्रार्थना करतो, त्यावर पित्यासह 21 पिढ्या पावन झाल्याचे नृसिंह सांगतो.