घर जागेवरच होतं!

"घर कोण बघेल?" सहलीचं नाव काढलं की आमच्या असोद्यात पहिला प्रश्न हाच. पण यंदा बचत गटातल्या आम्ही अकराजणींनी ठरवलंच, स्वतःच्या पैशाने मालवणला जायचं!

कुडाळला रेल्वेतून उतरून मालवण गाठलं. धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर याचा पाया घातला. चहूकडे खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! उन्हाळ्यात हंडे घेऊन रांगा लावलेल्या आम्ही तिथेच रेंगाळलो.

खरी मजा स्नॉर्कलिंगची. अंगात लाइफ जॅकेट, डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी आणि चेहरा पाण्यात. साठी उलटलेल्या आमच्या काकू होडीतच बसून. "मला पोहता येत नाही व माय!" होडीवाला म्हणाला, "पोहायचं नाही आजी, नुसती ट्यूब धरायची." शेवटी उतरल्या. पाच मिनिटांनी डोकं वर काढून ओरडल्या, "मासे माह्या हाताजवळून गेले व!"

दुसऱ्या दिवशी तारकर्लीचा किनारा आणि देवबागला कर्ली नदीचा संगम पाहिला.

मैत्रिणींनो, पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर जा. दमा, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू नका.

परतलो तर घर जागेवरच होतं. उलट, पोरं खिचडी टाकायला शिकली होती!